अठरा पाऊंड

चौथ्या मजल्यावरून टोपली सोडते दोरीने,
खाली इद्रीस पाव ठेवतो, कांदे ठेवतो,
आज भाड्याची पावतीसुद्धा.
अठरा पाऊंड. सासऱ्यांनी ठरवले होते तेवढेच.
तेवढ्यात आता अलेक्झांड्रियात कॉफी येत नाही.

लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्येच अडकलीय,
अकरा वर्षं आत कुणाची तरी छत्री.
समुद्राचं मीठ गज खातंय.
मालकाचा नातू म्हणतो,
अठरा पाऊंडांत गिलावा होत नाही, मदाम.
खरंच आहे त्याचं. म्हणून तर जास्त राग येतो.

परवा रात्री छताचा ढलपा पडला
पलंगाच्या डाव्या अंगाला,
जिथे फिक्री झोपायचे.
मी उशी झटकली,
उजव्या अंगालाच झोपले पुन्हा.

मुलगी फोनवर म्हणते, सोड ना ते घर.
सोडते. पण जाऊ कुठे?
बाहेर एका खोलीला माझी सगळी पेन्शन,
वर अनामत वेगळी.

नातू वाट बघतोय, आधी काय पडतं,
घर की मी.
बघू दे.

बहात्तर पायऱ्या आहेत जिन्याला,
बावन्नावी हलते.
पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते.
त्याला नाही सांगत.