अठरावा दिवस

बस इथे, खिडकीपाशी.
बघण्यासारखं काही नाही म्हणा,
नोव्हेंबर सरत आला की ट्रोम्सोत सूर्य उगवायचा विसरतो,
बाराच्या सुमारास थोडं निळं होतं, तेवढंच.
तो पेला घे. सगळा पी. मग आणखी एक.
मूत्राशय भरलेलं लागतं त्यांना,
भरलं की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून दूर.
सुनिव्हाने मला हे कागदी रुमालावर काढून दाखवलं.
चित्र हुबेहूब कॉड माशासारखं झालं होतं.
मी काही बोललो नाही.

मी आर्न्ल्योत. सेन्या बेटाचा.
बत्तीस वर्षं पायलट, विमानांचा नव्हे;
परक्या जहाजांना खडकांमधून बंदरात आणणारा.
आज माझा अठरावा दिवस. वीस आहेत.

तुला ठिपके गोंदले का? तीन?
दोन कमरेला, एक बेंबीखाली, मुंगी चावल्यागत.
रात्री समुद्रावर आम्ही तेच करायचो,
तीन दीपस्तंभ, तीन दिशा, नकाशावर तीन रेघा;
भेटतील तिथे आपण.
नेमक्या कधी भेटत नाहीत.
मध्ये एक बारका त्रिकोण उरतो
आणि त्यातच कुठेतरी आपण असतो, असं धरून चालायचं.
सुनिव्हाला हे सांगितलं तर म्हणाली,
आमचा त्रिकोण मिलिमीटरचा असतो, आर्न्ल्योत,
हलू नकोस.

आत दुखत नाही. सगळे हेच सांगतील, आणि ते खरं आहे.
पलंग कडक. पँट गुडघ्यापर्यंत.
लाज पहिले तीन दिवस पुरते,
मग खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखी संपते.
त्या पोरी बाहेर जातात, जाड दार मिटतं,
यंत्र तुझ्याभोवती फिरतं,
किल्ली हरवलेल्या माणसासारखं, गुणगुणत.
दोन महिने अंधार असलेल्या गावात
माझ्या आत उजेड घालतात
आणि तोही मला दिसत नाही.

कधी यंत्र बिघडतं.
मागच्या मंगळवारी पंचवीस मिनिटं.
आम्ही पाच जण इथे, पोटं तुडुंब, मांड्या आवळून.
तो कोपऱ्यातला आन्ते, रेनडियर पाळतो, सहसा बोलत नाही,
तो म्हणाला, कुणी हसवू नका रे.
झालं.
एक जण धावत गेला तो परत पहिल्यापासून पाणी प्यायला बसला.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत तू म्हणशील, हे एवढंच?
तिसऱ्यात कळतं.
लघवीला आग. रात्री चारदा उठणं,
आणि उठून भिंतीकडे बघत नुसतं उभं राहणं.
पोट बिघडतं, कोबी सोड.
थकवा येतो, पण तो कामाचा नव्हे;
ओहोटीला होडी चिखलात बसते ना,
वल्ही मारून उपयोग नसतो, पाण्याची वाट बघायची.

इंजेक्शन घेतलंस? मग गरम वाफाही येतील.
बाहेर उणे बारा, आणि मी बनियनवर गॅलरीत.
वीस वर्षांपूर्वी बोर्गहिल्ड मध्यरात्री खिडकी उघडायची,
मी कुरकुरत उठून बंद करायचो.
परवा फोनवर तिची माफी मागितली.
ती म्हणाली, कुठली खिडकी?

आणि ते दुसरं.
ते इथे कुणी विचारत नाही. तू विचार.
मी सोळाव्या दिवशी विचारलं, दाराकडे तोंड करून.
सुनिव्हाने खुर्ची ओढली, बसली.
सगळं परत येईल असं म्हणाली नाही.
येणारच नाही असंही नाही.
खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र अजून कानात आहे,
का कुणास ठाऊक.

बघ, तुझंच नाव घेतायत. दोन नंबरचं दार.
पेला राहू दे, मी उचलतो.
आणि ऐक,
पट्टा इथेच ठेवून जा, माझ्यापाशी.
परत येताना घाई असते.