अकरा किल्ल्या

माझ्याकडे अकरा घरांच्या किल्ल्या आहेत.
एका खिळ्याला, प्रत्येकीला वेगळी चिंधी.
हिरवी कोइमतूरवाल्यांची,
लाल चौकडीची राजमुंद्रीला गेलेल्या थोरातांची,
सुतळी बांधलेली ती लखनौची.
त्यांच्या सुनेचं नाव आता चटकन आठवत नाही,
घर आठवतं.

विट्याच्या या अंगाला असंच आहे.
मिसरूड फुटलं की पोरगं गलाईला जातं,
परमुलखात भट्टीपाशी बसून
मोडीतनं, झाडलोटीच्या मातीतनं सोनं काढतं,
मग गावात बंगला बांधतं, वर सिमेंटचा मोर बसवतं,
कुलूप घालतं
आणि किल्ली माझ्या हातात देतं.
“मालनकाकी, तुमच्याशिवाय हाय कोन हितं?”

शनिवारी मी घरं उघडते.
जळमटं काढते, देवापुढं उदबत्ती लावते,
नळ सोडते, आधी तांबडं पाणी येतं.
कॅलेंडर मे महिन्यावरच, यात्रेला आले होते तेव्हाचं.
सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.
एकदा बसले त्यावर, तर असं कुरकुरलं
की मी “कोण?” म्हणून उठले.
तिथं मी मोठ्यानं बोलते. रिकाम्या खोल्यांत घुमतं,
कुणीतरी हुंकार दिल्यासारखं.

गल्लीत चूल पेटते ती दोनच घरांत.
माझ्या, आणि समोर द्रौपदाच्या.
द्रौपदाशी मी बोलत नाही. बावीस वर्षं झाली.
तिच्या पत्र्याचं पाणी माझ्या भिंतीवर येतं.
ग्रामसेवक येऊन गेला, भावकी बसली, दोरी लावून मोजलं.
तेव्हा तिचा नवरा होता, माझाही होता.
दोघं गेले.
भांडण आमच्या पदरात टाकून गेले.

पण पहाटे पाचला तिचा खराटा वाजतो,
मग खोकला, मग बादलीचा कान.
त्यावर मी उठते. हे तिला कधी सांगणार नाही.
उठले की चहाचं भांडं आपटते,
जरा जास्तच.

मागल्या थंडीत खालच्या आळीचे हिंदुराव तात्या गेले.
आतनं कडी. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला शंका आली,
दार कुऱ्हाडीनं फोडलं.
त्या रात्री मी कडी लावली, काढली,
परत लावली.

कार्तिकात एक दिवस खराटा वाजला नाही.
साडेपाच. सहा.
मारुतीच्या शिखरावर ऊन आलं.
माझा हात आपोआप खिळ्याकडे गेला,
अकरा किल्ल्या,
तिची त्यात नव्हतीच.

आठ पावलांची गल्ली.
दार ढकललं ते खांदा लावून, फोडायच्या जोरानं,
आणि मी जवळजवळ आत पडले.
कडी नव्हती. आतनं नुसती एक वीट टेकवलेली.

माजघरात द्रौपदा, पाय दुमडून खाली.
माझ्याकडं बघितलं, म्हणाली,
“लई येळ लावलास.”

उचललं तिला.
कणसं खुडून घेतलेल्या पेंढीएवढं वजन.
सांगलीला दवाखान्यात नेऊ म्हटलं तर मान हलवली.
आंबेहळद उगाळून घोट्याला लावली,
सूज बोटानं दाबून बघितली, तिनं शिवी दिली.
“कडी लावत न्हाईस?”
“हिंदुरावापासनं न्हाई.”
“आन चोर आला तर?”
“येऊ दे की. च्या पाजीन.”

मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही,
पण ते न बोलणं निराळं होतं.
निघताना ती म्हणाली, “पन्हळीचं बघूया आता.”
मी म्हटलं, “बावीस वर्सं बघतीयास.”

रात्री कडीला हात गेला, तसाच राहिला.
परसात बंगल्यांच्या उरलेल्या विटा पडल्यात.
बॅटरी लावून त्यातली एक,
जरा फुटकी, बघून आणली.