जांभळं म्हणजे जिवंत

मांडवीपाशी काष्ठौषधीच्या दुकानात
धमासा तागडीनं तोलून मिळतो.
काटे, देठ, थोडी माती, एक मेलेला मुंगळा.
"घरात गाठीचं दुखणं आहे ना, बेन?" दुकानदार म्हणाला
आणि वीस रुपये कमी घेतले.
मी नाही म्हणाले नाही.
पिशवी स्कूटरला अडकवली,
काळ्या घोड्यावरून फतेगंजला आले.

आधी मुंगळा काढला.
मग सावलीत वाळवणं, दळणं, तीन दिवस मेथेनॉलमध्ये,
मग ते भांडं फिरत राहतं, फिरत राहतं,
आणि तळाशी काकवीसारखा काळपट हिरवा चिकटा.
एवढ्या पिशवीचा एवढासा.
वास भिजल्या गोणपाटाचा.

प्लेटला शहाण्णव खळगे.
प्रत्येकात पेशी,
एका परक्या बाईच्या गाठीतून आलेल्या.
बाई जाऊन सत्तर वर्षं झाली,
गाठीला कुणी सांगितलंच नाही.
ती अजून वाढते, बडोद्यातसुद्धा,
सदतीस अंशांवर, वेळच्या वेळी खाऊ घातलं की.

शेवटी पिवळा रंग टाकून चार तास थांबायचं.
जिवंत पेशी त्याचा जांभळा करते.
मेलेली काहीच करत नाही.
रायजीभाईला हे पहिल्यांदा सांगितलं
(तो आमच्या बाटल्या धुतो, एकोणीस वर्षं,
फुटलेल्या बाटलीची नोंद स्वतःच वहीत करतो)
तेव्हा म्हणाला, "म्हणजे इथं पिवळं पडलेलं चांगलं."
म्हटलं, हो. इथं.

त्या सोमवारी
सातव्या ओळीपासून पुढं सगळं पिवळं.
मी दोनदा मोजलं.
तो मागं उभा, हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस.
संध्याकाळी कुलूप लावताना बोलला:
चंचळच्या मानेला गाठी आहेत. चार. काखेत एक.
शिर्केबेन, त्या काळ्या बाटलीतलं चमचाभर द्या.

मी त्याला दुसरी प्लेट दाखवली,
जी परिषदेत दाखवायला कुणालाच आवडत नाही.
निरोगी पेशींची.
सातव्या ओळीपासून पुढं
तीही पिवळी.
"याला आपलं-परकं कळत नाही, रायजीभाई.
आणि खळग्याला यकृत नसतं,
सकाळची मळमळ नसते.
खळग्यात फिनेल ओतलं तरी गाठ मरते."
हे शेवटचं बोलायला नको होतं.
त्यानं ब्रश उलटा करून वाळत ठेवला.

पुढच्या महिन्यात इस्पितळात गेले.
चंचळबेन कॉटवर मांडी घालून,
केस गेलेले, टिकली मात्र रुपयाएवढी.
सलाईनमध्ये औषध सोडण्याआधी नर्सनं नाव मोठ्यानं वाचलं,
आणि मला ते ओळखीचं निघालं.
"हे सदाफुलीतून काढतात," मी म्हटलं.
"बारमासी?" रायजीभाई म्हणाला. "आपल्या नळापाशी आहे ती?
बकरीसुद्धा तोंड लावत नाही ती?"
तीच. किती टन पानं, किती वर्षं, ते सांगत बसले नाही.
एवढंच म्हटलं, पानं घरी वाटायची नाहीत, जीव जाईल.
चंचळबेन हसली.
"बकरीला आधीच माहीत,
तुम्हाला कॉलेज करावं लागलं."

आता तिची बोटं बधिर होतात, ब्लाउजचं हूक लागत नाही.
गाठी दोन उरल्या की तीन,
डॉक्टर एक सांगतात, तिचा हात दुसरंच.

निष्कर्षात मी "आशादायक" लिहिलं. खोडलं.
"अधिक संशोधनाची गरज आहे" लिहिलं.
ते तसंच राहिलं, सगळ्यांचंच राहतं.
रायजीभाई शेवटच्या विसळणाचं पाणी,
ज्यात साबण नसतो,
बादलीत धरून नळापलीकडच्या बारमासीला नेऊन घालतो.
आम्ही त्यावर बोलत नाही.

अर्धी पिशवी धमासा कपाटावर पडून आहे.
मांडवीला जाऊन ते वीस रुपये द्यायचे आहेत.
आणि त्यानं विचारलं, गाठ कशी आहे,
तर कुणाची सांगायची, ते ठरत नाही.