बाह्य वस्तू

ग्युमरीच्या इस्पितळात, तळघरात,
वार्दगेसने माझ्या टेबलावर डबी ठेवली.
"गाठ समजून पोट उघडलं. ही गाठ नाही.
तूच बघ, माझं डोकं चालत नाही."
हातमोजे काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

लिंबाएवढा गोळा. पिवळट, टणक,
वपेने चहूबाजूंनी कवटाळलेला.
वपा म्हणजे पोटातली चरबीची झालर.
विद्यार्थ्यांना मी सांगते, दिसते ऐदी,
पण आत कुठे आग लागली की पहिली तीच धावते
आणि विझली नाहीच तर
पदराखाली घेऊन बसते.

सुरी कचकन अडली.
काच.
नखाएवढी, किंचित बाकदार,
एक कड बारीक घासलेली.

रंग चढवून भिंगाखाली पाहिलं.
चौतीस वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या त्या सकाळी,
गाव खाली बसलं तेव्हा
इथे कुणीतरी पहिली बोंब ठोकली असणार:
हे आपल्यातलं नाही!
एकीने दुसरीला, दुसरीने दहाजणींना,
रक्तात निरोपांची नुसती रीघ.
आल्या त्या खायलाच आल्या.
पण काच का कुणाला पचते?
हरलेल्या पेशी मग एकमेकींत विरघळल्या,
वीस-वीस केंद्रकं एका अंगात घेऊन
काचेला चिकटून राहिल्या.
त्यांच्यामागे तंतूंचं कुंपण, कुंपणामागे चुना.

आमच्याकडे तेव्हा भिंती नव्हत्या.
पत्र्याच्या डब्यांत संसार, पत्र्याच्या डब्यात शाळा,
माझी पहिली प्रयोगशाळासुद्धा;
हिवाळ्यात रसायनं गोठायची, मी बाटल्या काखेत धरून ऊब द्यायची.
घरं येणार, घरं येणार.
आणि हायकानुशच्या पोटात
कुणाच्या सहीशिक्क्याशिवाय
रोज एक थर चढत होता.

अहवालात लिहिलं:
बाह्य वस्तू, काच. भोवती जुनाट दाह. कर्करोग नाही.

ती खाली आली, जिना धरून धरून.
तंदूरवर लवाश भाजणारी बाई,
बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत.
दाखवायचा नियम नाही. दाखवली.
तिने काच दिव्यासमोर धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"सेयरानच्या हातातलं घड्याळ.
वडिलांचं होतं, त्याला सैल व्हायचं.
जिन्याखाली दोन रात्री आम्ही असे,"
तिने स्वतःच्याच कुशीला कोपर लावून दाखवलं,
"टिकटिक माझ्या बरगडीत वाजायची.
तो बोलायचा थांबला.
घड्याळ त्यानंतरही चालू होतं."

मग तिने कागद वाचला. सावकाश.
"बाह्य म्हणजे?"
"बाहेरून आलेली."
"बाहेरचा नव्हता तो."

मी म्हणाले, पेशींना नाती कळत नाहीत.
म्हणाले आणि जीभ चावली.
ती हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं,
आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली लवाश काढून
सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली.
अजून कोमट होती.

काच तिला दिली. नोंदवहीत लिहिलं: नमुना नष्ट केला.

सगळीकडे असं छापतात की
कारण काढलं की दाह उतरतो.
वार्दगेसलाही तेच वाटलं, मलाही.
सहा आठवड्यांनी रक्त तपासलं.
सीआरपी होता तिथेच, दशांशही हलला नाही.
पुन्हा तपासलं. यंत्र बदलून तपासलं.
असू शकतं; बोलावणं थांबलं तरी
काही पेशी सवयीने जाग्या राहतात,
त्यावर येरेवानमध्ये कुणी काम करतंय म्हणे.
मी नमुने पाठवलेत.

तंदूरवर विचारायला गेले, ताप येतो का, काही दुखतं का.
म्हणाली, काही नाही.
झोप?
पीठ मळता मळता तिने हात थांबवला,
जणू काही ऐकत होती,
आणि पुन्हा मळायला लागली.