पिवळा त्रिकोण

चौथ्यांदा आला तो, मोराच्या मानेपाशी.
चादरीचं नवं डिझाइन, मधोमध मोर,
मान अर्धी निळी, अर्धी अजून नुसत्या चौकटी,
आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण:
मेमरी कमी आहे. काम सेव्ह करा. प्रोग्रॅम बंद करा.
वसुलीला आलेल्या माणसासारखा,
चपला न काढता दारातूनच बोलणारा.

साखर पेठेत दुपारी दोनला
खाली आठ माग चालतात, वर मी.
फरशी थरथरते, म्हणून माऊसखाली
जुना टॉवेल दुमडून ठेवलाय.
पत्रा तापतो. पंखा तीच झळ घरभर वाटतो.

मला वाटलं, जागा कमी.
मेमरी म्हणजे आठवणीच ना, असा माझा हिशोब,
म्हणून आठवणी पुसायला बसले.
करीमनगरच्या साखरपुड्याचे सहाशे फोटो,
श्रावणीचं बारसं,
मार्कंडेयाच्या रथाचे तीन व्हिडिओ,
ज्यांत रथ कमी, माझंच खिदळणं जास्त.
कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली,
टापटिपीच्या बाईसारखी.

त्रिकोण परत आला. मानेपाशीच.

नव्या पेठेतून इरण्णा हत्तरकी आला,
खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि शाळेतलं खोडरबर.
ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.
‘ताई, माळा तुमचा निम्मा रिकामाच होता की.
भरलाय तो ओटा.
फोटो माळ्यावर पडून होते, कुणाचं काय खात होते?
ओट्यावर भाकरी थापायला जागा नाही
आणि तुम्ही माळ्यावरची पातेली विकलीत.’

मी चहा टाकायला उठले.

मग त्याने यादी उघडली, ओट्यावर कोण कोण बसलंय त्याची.
ब्राउझरचे एकोणचाळीस टॅब:
एकात सुताचे भाव,
एकात सुताचेच भाव, गेल्या मंगळवारचे.
दोन अँटीव्हायरस, एकमेकांवर पाळत ठेवून.
प्रिंटरचा मदतनीस रोज सकाळी हजर,
प्रिंटर विकून दोन वर्षं झाली.
आणि माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर,
फाइल मिटली तरी जागा न सोडणारं.
‘हे उसनं नेतं, परत आणत नाही.’
म्हटलं, असे आमच्या बोळात तिघे आहेत.
‘त्यांचं मला माहीत नाही. याला दुपारी एकदा
पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं.’

ओटा भरला की मशीन एकेक वाटी
माळ्यावर ठेवून येतं, लागली की पुन्हा चढतं,
म्हणून तो लाल दिवा इतके दिवस धापा टाकत होता.
मी समजत होते, काम करतोय.

डबा उघडला तर आत सुताची कुस,
राखाडी नव्हे, रंगीत:
मरून, पोपटी, दिवाळीच्या ऑर्डरचा राणी रंग.
इरण्णाने चिमटीने काढून ती फरशीवर ठेवली,
मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
शेजारी दुसरी पट्टी बसवली, आठ जीबीची, जुनी पण धड.
कट्ट्.
बाराशे रुपये.

आवाज ऐकून नायना वर आले.
‘एमायिंदी?’
सांगितलं सगळं, पुसलेल्या फोटोंसकट.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
कुसेचा गोळा बोटांत चुरत म्हणाला,
‘ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडायची, माग थांबायचा.
आम्ही पत्तीलाच शिव्या द्यायचो.
पण आधी गाठ मारायचो, बाळा.
तू गाठ सोडून चादरच फाडलीस.’
आणि खाली गेले. तीन नंबरचा माग थांबला होता.

सात वाजता मोराची मान पूर्ण निळी झाली.
प्रिंटरच्या मदतनिसाला सुट्टी दिली,
एका अँटीव्हायरसला घरी पाठवलं,
टॅब मिटत आणले, सुताचे भाव, सुताचे भाव.
त्रिकोण आला नाही.
कोपऱ्याकडे नजर मात्र जातेच.

एकच टॅब राहिलाय.
करीमनगरहून वहिनीचा मेसेज, परवाचा:
साखरपुड्याचे फोटो पाठव गं,
सगळे तुझ्याकडेच आहेत.