अडतीस मिनिटं

ब्रॉकटनमध्ये, टायरच्या दुकानाला लागून
माझं लाँड्रोमॅट आहे.
एक धुणं अडतीस मिनिटांचं.
चार नंबरचं मशीन चाळीस घेतं, त्याचं वय झालंय.

शाळा सुटते जूनमध्ये
आणि अक्षरं सुटतात जुलैत.
हे माझं नाही, जासिराच्या बाईंचं म्हणणं.
त्यांनी चिठ्ठी पाठवली: रोज वीस मिनिटं वाचून घ्या.
आईने ती फ्रीजवर लावली आणि नाइट ड्यूटीला गेली,
तेव्हा ती वीस मिनिटं एडिल्सनच्या गळ्यात पडली.
तो चौदाचा.
दर बुधवारी बास्केटबॉल सोडून
दोन पिशव्या कपडे आणि एक बहीण घेऊन येतो.

पुस्तक एकच. बदकाचं.
माझ्या खोक्यातलं, कुणीतरी विसरलेलं, कोपरे कुरतडलेलं.
जासिरा घडाघडा वाचायची,
पान उलटायच्या आतच पुढचं वाक्य तयार.
मीसुद्धा म्हटलं, वा गं पोरी!
एडिल्सन काही बोलला नाही.
खिशातून बँडेज काढलं
आणि बदकावर चिकटवलं.
"आता वाच."

मशीन घुसळत राहिलं.
ती एकदा बँडेजकडे, एकदा भावाकडे.
मग ड्रायरच्या वर आवाज चढवून रडली:
"मला सगळं बदकच सांगायचं!"

वाटलं, आता हा पुस्तक फेकणार.
मी नाणी मोजायची थांबले.
पण तो खाली बसला, सांडलेल्या साबणात,
रस्ता ओलांडताना धरतात तसं तिचं बोट धरलं
आणि या अक्षरावरून त्या अक्षरावर नेलं.
त्या दिवशी एकच ओळ झाली. चार शब्द.
कपडे केव्हाचे धुऊन झालेले,
बाह्यांत बाह्या अडकवून आत बसलेले.

आता ऑगस्ट.
तिच्या तावडीतून काही सुटत नाही.
'मशीनमध्ये प्राणी धुऊ नयेत' वाचून विचारते,
कुणी धुतला होता?
(धुतला होता. पण ते जाऊ दे.)
आईच्या युनिफॉर्मच्या कॉलरमध्ये डोकं घालून वाचते,
गार पाणी, वेगळं धुवा,
आणि भावाकडे असं बघते
की सगळ्या मोज्यांना आलेला निळा रंग
जणू त्यानेच कालवला.
गुडघ्याच्या स्पेलिंगमधला 'के' गप्प का बसतो, विचारते.
"घरात एक जण तरी गप्प हवा ना," एडिल्सन म्हणतो.

काल तिने बँडेज ओढून काढलं.
बदकाचं अर्धं डोकं त्याच्याबरोबर निघून आलं,
खाली नुसता पांढरा कागद.
मी धावले, तिला समजवायला.
तिने वाकून बघितलं.
"दुखलं असेल," म्हणाली,
आणि पान उलटलं.