विषय : शाळा क्रमांक सात

असोसिएशनचा लिहिता हात मी, सव्वीस वर्षं.
सेसवर लिहिलं, वजनकाट्यावर लिहिलं,
हमालीच्या दरावर तर दोन्ही बाजूंनी लिहिलं.
शाळेवर कधी नाही.

यंदा पोळ्यानंतरच्या बैठकीत
रतनचंद कांकरिया बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
दुकानावर पोरगा ठेवला, नववी झालेला,
म्हटलं लिही साडेएकोणीस क्विंटल.
त्यानं एकोणीस लिहिले
आणि मला विचारलं, शेठ, अर्धा कुठे ठेवू?

सगळे हसले.
मग हसू आपोआप बसलं,
कारण प्रत्येकाच्या गल्ल्यापाशी तसा एक पोरगा होता
आणि प्रत्येकाची स्वतःची पोरं
नाशिकला, सुरतेला, इंग्रजीत.

लिहा, म्हणाले.
मी नेहमीसारखी सुरुवात केली :
महोदय, आम्ही खाली सह्या करणारे मिरची व्यापारी, नंदुरबार...
सात वर्गांना तीन शिक्षक,
त्यातल्या गणिताच्या गुरुजींकडे मतदारयाद्या.
होतचंदानी म्हणाले, घाल, आम्ही टॅक्स भरतो.
गिरधरनाना म्हणाले, नको, उपकार केल्यासारखं वाटतं.
त्या एका वाक्यावर पाऊण तास गेला,
शेवटी ते राहिलं, पण कंसात.

मुख्याध्यापिकांची सही घ्यायला मी गेलो, कार्तिक लागला होता.
वळवी बाईंनी निवेदन वाचलं,
लाल पेनानं माझा एक ऱ्हस्व दीर्घ केला
(सवयीनं, मग ओशाळल्या)
आणि म्हणाल्या, एक मुद्दा राहिलाय, या.

पाचवीचा वर्ग. पूर्वेच्या खिडक्या चारही बंद,
चौकटींत खिळे ठोकलेले.
पलीकडे आमची पथारी.
पार कुंपणापर्यंत लाल.
शिमग्यापर्यंत असंच, बाई म्हणाल्या,
श्रुतलेखनात पूर्णविरामाच्या जागी शिंक येते.
यांच्या आया तिकडेच देठ खुडतात.
भिंतीआडून पोरं खोकल्यावरून आई ओळखतात,
पैजा लावतात, सहसा चुकत नाहीत.

मग त्यांनी विचारलं,
अगदी साधेपणानं, अर्जाचा नमुना विचारावा तसं :
हे कुणाच्या नावानं लिहायचं?

मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मायना सुचला नाही.

बैठकीत मी तो मुद्दा शेवटी वाचला, हळू.
पंखा ऐकू यायला लागला.
कुणी म्हणालं, जागेचा करार मार्चपर्यंत आहे.
कुणी म्हणालं, गावाबाहेर राखण कोण करेल,
मिरची काय, रात्रीतून पोतं उठतं.
कुणी म्हणालं, शाळाच हलवा की.
ते कोण म्हणालं ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.
गिरधरनानांनी टोपी काढली, परत घातली :
मन्ही पथारी मी उचलस.
बाकीनं तुम्हीन देखा.
कांकरिया बराच वेळ बशीत बघत राहिले,
बशी केव्हाच रिकामी होती.

पाच पथाऱ्यांतल्या दोन उठल्या.
तीन आहेत. करार मार्चपर्यंत आहे.

एका खिडकीचे खिळे मात्र निघाले.
कांकरियांच्या दुकानावरचा तोच पोरगा पक्कड घेऊन आला होता,
गंजलेले चार खिळे त्यानं मोजून बाईंच्या टेबलावर ठेवले.
फळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
सगळा वर्ग त्या एका चौकटीत कोंबलेला,
आणि एक मुलगी, सर्वांत पुढे,
बाहेर बघून ओरडली, ए याहा!
लांबच्या पथारीवर एका बाईनं मान वर केली,
हात हलवायला उचलला,
मग लाल बोटांकडे बघून
कोपर हलवलं.

बाईंनी तास थोडा उशिरा सुरू केला.

निवेदनाला आवक क्रमांक मिळाला आहे.
तो माझ्या डायरीत आहे.